गेरूवरची चुन्याची रेघ

माझी रेघ सरळ होती, हे मी आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी विहिरीच्या काठावर जेवढी माणसं होती, त्या सगळ्यांना ती वाकडी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मलाही तसंच वाटलं. त्या पाच मिनिटांचा मला अजून राग येतो.

मी सुकन्या. अंबाजोगाईला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातले निम्मे लोक दुसरं काही मिळालं नाही म्हणून भूगर्भशास्त्राला बसतात. मी तो विषय मागून घेतला. माझा आजा बालाघाटाच्या माळावर मेंढरं राखायचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं सोडली आणि विहिरी खोदायला घेतल्या, त्याला आता तीस वर्षं झाली. आसपासच्या दहा गावांत त्यांना म्हाळू मुकादम म्हणतात. त्यांनी जेवढा दगड फोडला, तेवढा आमच्या बद्रीनाथ सरांनी नुसता पाहिलाही नसेल. पण तो दगड तिथं आला कसा, हे आबांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायची संधी मला मिळाली म्हणून मी जरा हवेतच होते.

संधी सरांमुळे मिळाली. प्रत्येकानं आपल्या गावाजवळची विहीर, खदान नाहीतर घाटरस्ता शोधायचा, टेप लावून वरपासून खालपर्यंत थर मोजायचे आणि जमिनीचा उभा छेद वहीत काढून आणायचा. "खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. एवढं डोक्यात ठेवा, बाकी दगड स्वतः सांगेल," असं सर म्हणाले. मी ते घरी आल्यावर आबांना ऐकवलं, तर ते पोट धरून हसले.

"आगं, खालची भाकर आधी ठिवली आन वरची मागनं, ह्याला कालेज लागतंय व्हय?"

आबांचं काम तेव्हा अमरसिंहांच्या रानात चाललं होतं. अमरसिंह म्हणजे आमच्या गावचे मोठे जमीनदार. तालुक्याच्या राजकारणात त्यांची ऊठबस असते. तीस फूट रुंदीची विहीर चाळीस फूट खोल गेली होती आणि अजून कोरडीच होती. रविवारी काम बंद असताना आबांनी मला यारीच्या बकेटात उभं केलं. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढणारं मशीन. ते सिदू चालवतो. आबा शेजारी दोर धरून उभे राहिले. माझ्या हातात टेप, चुन्याचा डबा आणि चार बोटं रुंदीचा ब्रश. पश्चिमेच्या भिंतीवर वरपासून तळापर्यंत मी एक जाड उभी रेघ ओढत गेले आणि दर फुटाला एक आडवी खूण केली.

चार फूट काळी माती. मग नऊ फुटांपर्यंत मुरूम, म्हणजे उन्हापावसानं आणि मुळांनी कुरतडलेला दगडच. तो आणखी झिजला की त्याची माती होते. त्याखाली काळा पाषाण. हा लाव्हा, कधीकाळी जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला आणि निवला. निवताना आकसला, म्हणून त्याला उभ्याआडव्या चिरा पडल्या. तेहतीस फुटांवर पाषाण संपला आणि हातभर जाडीचा तांबडा पट्टा आला. विहिरीवरची माणसं त्याला गेरू म्हणतात. त्याच्याखाली पुन्हा दगड, पण हा मांजऱ्या, बारीक बारीक पोकळ्यांचा, पोकळ्यांत पांढऱ्या गारा बसलेल्या.

"दगडात मधीच ह्यो तांबडा कावून?" आबांनी विचारलं. तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न मलाच पहिल्यांदा विचारला असावा.

मी सांगितलं की खालचा लाव्हा निवल्यावर हजारो वर्षं काहीच घडलं नाही. त्या काळात त्याच्यावर माती धरली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून तांबडी केली. आबांनी पट्ट्यावर हात ठेवला. गेरू कोरडा होता, विटेसारखा टणक.

"म्हंजी हे कुनाचं तरी रान व्हतं."

"तवा माणूस नव्हता, आबा."

"माणूस नसू दे. रान तर व्हतं."

गेरूपाशीच बकेट जरा फिरलं होतं. सिदूनं लिव्हर झटक्यात सोडला आणि माझा हात हलला. मी तेवढा भाग पुन्हा रंगवून घेतला. वर आल्यावर मोबाईलवर फोटो काढला. ऊन पंचवीस फुटांपर्यंतच पोचत होतं, त्यामुळे त्याखालचं सगळं फोटोत काळं आलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

सोमवारी आणि मंगळवारी आबांनी सुरुंग उडवले. सोमवारच्या सुरुंगानंतर गेरूच्या वरच्या कडेनं ओल दिसायला लागली. "गेरूला घाम फुटला," असं म्हणत आबांच्या माणसांनी गूळ वाटला, कारण गेरू घामेजला की पाणी जवळ आलं, असा त्यांचा अनुभव आहे. अनुभव खोटा नाही. वरच्या चिरांतून झिरपलेलं पाणी गेरूवर येऊन अडतं, कारण गेरू पाणी खाली सोडत नाही. मंगळवारी संध्याकाळी सत्तेचाळीस फुटांवर तळालाही झरा लागला. अमरसिंहांनी बुधवारी सकाळी अकराची पूजा ठरवली आणि तालुक्यातल्या पाहुण्यांना फोन केले.

विहिरीला पाणी लागलं की आमच्याकडं मालकीण बकेटातून खाली उतरते आणि पाण्याची ओटी भरते. मुकादम त्या वेळी पाण्यात उभा राहतो आणि तिच्या हातचा नारळ घेतो. त्या दिवशी मुकादम एकदा पाण्यात उतरला की ओटी भरल्याशिवाय वर येत नाही. पाणी उपाशी ठेवून वर आलेल्या मुकादमाला पुढं कुणी विहीर देत नाही, असं आबांना त्यांच्या गुरूनं सांगितलं होतं. दीडेकशे विहिरींत आबांनी हा नेम मोडलेला नव्हता.

बुधवारी मी कॉलेज बुडवलं. आबा, नाथाकाका आणि धर्मराजमामा आठ वाजताच खाली उतरले होते. नाथा आणि धर्मराज ही आबांची जुनी माणसं, मला कडेवर घेतलेली. तळाला मोटर लावून पाणी गुडघ्याच्या खाली धरलं होतं आणि मालकिणीला उभं राहायला हे तिघं दगडांचा ओटा रचत होते. ओटा पश्चिमेच्या भिंतीखालीच होता, माझ्या रेघेच्या बरोबर खाली, कारण तिथला तळ थोडा उंच होता. वर त्याच बाजूला काठावर छोटा मंडप, पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि एका खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन विमलबाई, म्हणजे अमरसिंहांच्या घरच्या. ताटात खण, नारळ, तांदूळ, गूळ.

मी समोरच्या काठावर यारीजवळ उभी होते. अकरा वाजून गेले, पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ऊन पश्चिमेच्या भिंतीवर चांगलं खालपर्यंत उतरलं आणि मला माझी रेघ दिसली. गेरूपाशी ती तुटली होती.

वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर बसत नव्हता. अर्ध्या रुंदीनं, म्हणजे दोन बोटं, डावीकडे सरकलेला दिसत होता. पहिला विचार काय आला असेल? आपला हात हलला होता तीच ही जागा, पुन्हा रंगवताना आपण घाण केली, आता सर मार्क कापणार. खाली माझा बाप उभा आणि मी मार्कांचा विचार करत होते.

मग सहज नजर वर गेली, तर वीस फुटांवरही रेघ तुटलेली. तिथं पाषाणात एक आडवी चीर होती. चिरेच्या वर रेघ जागच्या जागी, चिरेखाली डावीकडे. वीस फुटांवर बकेट हललं नव्हतं, ते मला पक्कं आठवत होतं. तरी मी मोबाईल काढला आणि रविवारचा फोटो मोठा करून पाहिला. पंचवीस फुटांपर्यंत उजेड होता. वीस फुटांवर रेघ पहिल्या फुटासारखीच सरळ होती.

म्हणजे रेघ नव्हती हलली. वीस ते तेहतीस फुटांमधला पाषाण हलला होता, माझी रेघ अंगावर घेऊन. गेरू कोरडा असेपर्यंत विटेसारखा असतो. भिजला की साबण होतो. दोन दिवस तो भिजत होता. त्याच्यावर एका खोलीएवढा दगड बसला होता, चारी बाजूंनी चिरा असलेला, आणि तो त्या साबणावरून तिरका विहिरीकडं घसरत होता. ज्या घामाला सगळ्यांनी गूळ वाटला, तोच हा घाम.

"आबा, वर या," मी ओरडले. "तिघंबी वर या. गेरूवरचा दगड सरकलाय."

खालून आवाज घुमत आला. "काय झालं?"

"रेघ तुटली. दोन जागी तुटली."

आबांनी वर पाहिलं. पण खालून, अगदी भिंतीशी उभं राहून, त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. "बाय, तुझा हात हालला आसंल त्या दिशी. आमी हितंच हाव. वटी झाली की येतो."

"हात न्हाई हालला. दगड हालला, आबा."

नाथाकाका हसले. "पोरीला पेपर आवघड गेला वाटतं."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अमरसिंह मोबाईल कानाला लावूनच माझ्याकडं आले. पाहुणे केजच्या पुढं निघाले होते.

"कावून बोंबलायली गं? पाणी लागलंय, चार माणसं येनार हायती, आन तू काय अभद्र बोलायली."

मी त्यांना फोटो दाखवला, भिंत दाखवली. त्यांनी फोटोकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं नाही. "फोटूत सगळंच तिरकं येतं. म्हाळूनं दीडशे हिरी काढल्या, त्याला कळंना आन तुला कळायलं?" सिदूकडं वळून ते म्हणाले, "पाव्हने आल्याबिगर बकेट हालवायचं न्हाई." आणि ते पाहुण्यांना घ्यायला रस्त्याकडं निघून गेले.

सिदूनं माझ्याकडं पाहिलं आणि हात लिव्हरवरून काढून मांडीवर ठेवला. त्याला मी दोष देत नाही. पण त्या क्षणी दिला होता.

मी पुन्हा रेघेकडं पाहिलं. सरकलेला भाग मघाशी अर्धा होता. आता पाऊण झाला होता. रेघेचे दोन तुकडे अजून जेवढे एकमेकांना शिवत होते, तेवढाच वेळ माझ्या बापाकडं होता. मी वळसा घालून धावत मंडपाकडं गेले आणि विमलबाईंच्या पुढ्यात उभी राहिले.

"काकू, एकदा तिकडं चला. फकस्त बघा. मंग मला काय बोलायचं ते बोला."

विमलबाईंना मी लहानपणापासून पाहते. त्यांच्या दारातली रांगोळी ठिपका न चुकलेली असते, आणि गावात कुणाच्याही लग्नातली मोठी रांगोळी त्याच काढतात. त्या ताट घेऊनच उठल्या आणि माझ्यामागं यारीपाशी आल्या. मी बोट दाखवलं.

"कधी काढलीस?"

"आयतवारी."

त्या बघत राहिल्या. कितीतरी वेळ गेला असं मला वाटलं. सिदू म्हणतो, अर्धा मिनिट पण नसेल. "वरून आलेली रेघ चांगली हाय. खाली गेलेली बी चांगली हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हात हालला आसता तर मधी वाकली आसती. ही वाकली न्हाई, तुटलीया."

त्याच वेळी गेरूच्या कडेवरून मूठभर दगडं सुटली आणि ओट्यावर पडली. धर्मराजमामा बाजूला झाले. आबा मात्र हलले नाहीत.

"मुकादम," विमलबाईंनी हाक मारली. "वर या."

"वटी झाल्याबिगर कसं येऊ, मालकीन? पानी उपाशी ठिवून?"

मला त्या ओटीची, त्या पाण्याची आणि आबांच्या नेमाची इतकी चीड आली की काय सांगू. विमलबाईंनी चिडण्यात वेळ घालवला नाही. त्या बकेटाकडं गेल्या, ताटातला खण बकेटात अंथरला, त्यावर नारळ, तांदूळ, गूळ ठेवला, वर हळदीकुंकू टाकलं आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

"सिदू, सोड खाली."

"मालक म्हनले..."

"हिरीची मालकीन मी हाय. पानी काय माजं तोंड बघून जेवनार हाय का? सोड."

सिदूनं बकेट सोडलं. ते खाली पोचेपर्यंत माझी नजर रेघेवरच होती. आबांनी बकेटातला खणनारळ दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. त्यांची एवढी सावकाश हालचाल मी आयुष्यात पाहिली नव्हती. मग त्यांनी नाथाकाकांच्या पाठीवर थाप मारली. "चढा दोघंबी."

बकेटाच्या काठावर दोघंच उभे राहू शकतात. ते दोघं वर आले, नाथाकाका उतरताना अडखळले, आणि सिदूनं रिकामं बकेट पुन्हा सोडलं. रेघेचे दोन तुकडे आता एकमेकांना शिवत नव्हते. खाली आबा एकटे होते. मोटर चालू होती, आणि तेवढाच आवाज होता.

आबा बकेटात चढले. बकेट उचललं गेलं. तेहतीस फुटांवर, गेरूच्या समोर, आबांनी सिदूला हात केला: थांब.

"थांबवू नको," मी किंचाळले. पण मुकादमानं हात केला की यारीवाला थांबतो. तेही तीस वर्षांचंच आहे. बकेट लटकत राहिलं. आबांनी हात लांब केला, ज्या पट्ट्यावर रविवारी हात ठेवला होता त्याच पट्ट्यावर ठेवला आणि काढून बोटं पाहिली. तांबडा चिखल. मग त्यांनी माझ्या रेघेच्या वरच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि खालच्या तुकड्यावर दुसरं. तेवढंच. मग हात वर केला आणि सिदूनं त्यांना ओढून घेतलं.

आबा काठावर उतरले तेव्हा काहीच पडलं नव्हतं. दगड तिथंच होता, मंडप तिथंच होता, आणि पाहुण्यांच्या दोन गाड्या धुरळा उडवत बांधाला येऊन लागल्या होत्या. अमरसिंह तरातरा पुढं आले. रिकामं ताट पाहून त्यांना सगळं कळलं.

"म्हाळू, लाज न्हाई वाटली? पाव्हन्यांम्होरं? पोरीच्या नादानं पूजेआधी वर आलास?"

"वटी झाली, मालक."

"वटी आशी आसती व्हय? उतर खाली. हे पाव्हने बी येतेत, फोटू काढायचाय."

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं बोटं पुसली. मला वाटलं, आता उतरतात. मालकानं दोनदा सांगितलेलं आबांनी कधी टाळलेलं नाही. मी त्यांचा सदरा मागून धरला, लहानपणी बाजारात धरायची तसा.

"मालक," आबा म्हणाले, "माझा डोळा चुकला. दोन दिस मी त्या घामाला हात जोडीत व्हतो. पोरीची रेघ न्हाई चुकली. मी उतरत न्हाई आन तुमालाबी उतरू देत न्हाई." आणि मग पाहुण्यांकडं वळून त्यांनी मंडपाकडं बोट केलं. "त्या अंगाला कुनी जाऊ नका."

अमरसिंह काही बोलणार होते. त्यांच्या तोंडून शब्द यायच्या आत गेरूवरून पाणी पिचकारीसारखं उडालं. मग तो पाषाण, माझ्या रेघेसकट, घाई न करता खाली निघाला. ओटा, मोटर, केबल सगळं त्याच्याखाली गेलं. वरचा मुरूम आणि माती मागोमाग सुटली, आणि मंडपाचे दोन खांब व विमलबाईंची खुर्ची तिच्याबरोबर गेली. जमीन पायाखाली थरथरली.

विमलबाई रिकामं ताट छातीशी धरून त्या खुर्चीच्या जागेकडं बघत होत्या. अमरसिंहांनी त्यांचा दंड धरला होता आणि सोडत नव्हते. आबा खाली बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मोठ्यानं रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "कुनाचं तरी रान व्हतं म्हनलो व्हतो न्हवं मी. रान भिजल्यावर घसरनारच."

सरांनी माझा छेद वर्गात लावला. त्यात रेघ दोन जागी तुटलेली दाखवली आहे, आणि ती मी पट्टीनं काढली आहे. पण गावात अजून काही जण म्हणतात की म्हाळू मुकादमानं पाण्याची ओटी बकेटातून उरकली, म्हणूनच विहीर ढासळली. अशांशी मी भांडते. आबा भांडत नाहीत.

गेल्या महिन्यात आबांनी दुसऱ्या गावात नवी विहीर धरली. परवा सुट्टीच्या दिवशी मी तिथं गेले होते. विहीर पंधरा फुटांवर गेली होती. त्यांनी सुरुंगाचं सामान बाजूला ठेवलं आणि चुन्याचा डबा मागवला. मी ब्रशला हात पुढं केला, तर त्यांनी तो माझ्या हाती दिला नाही. स्वतः बकेटात उभे राहिले आणि वरपासून तळापर्यंत रेघ ओढली. शेळ्या गेलेल्या वाटेसारखी नागमोडी रेघ. मला हसू आवरेना.

"आबा, लई वाकडी आली."

"येऊ दे वाकडी," आबा खालून म्हणाले. "तू काठावर बस. तुटली की सांग."